उज्जैनच्या वाड्यातली वाजती पेटी आणि तिला चिकटलेला साहेब

उज्जैनला कार्तिक चौकाच्या बाजूला एका मराठी कुटुंबाचा जुना वाडा आहे. त्या घरात एक दागिन्यांची पेटी आहे. लांबी वीतभर, उंची चार बोटं, खाली सिंहाच्या पंजाचे चार पाय. चारही बाजूंना आणि झाकणावर सोनेरी पत्र्याची उठावाची चित्रं आहेत: केसांचे टोप घातलेले पुरुष, घेरदार झगे घातलेल्या बायका, झोपाळा, मेंढरं, कोपऱ्यात पंखवाली गुबगुबीत मुलं. आत लाल मखमल. मखमलीच्या तळाखाली लपवलेलं यंत्र, आणि झाकण उघडलं की धून वाजावी अशी योजना. ही पेटी मात्र गेली कित्येक वर्षं मुकी होती.

घरात तिला 'बॉयनसाहेबाची पेटी' म्हणतात. महादजी शिंद्यांच्या फौजेतल्या डी बॉयन या फ्रेंच सेनापतीने आपल्या पूर्वजांना हिशेबाच्या कामावर खूश होऊन ती दिली, असं सांगितलं जातं. मी लहानपणापासून या घरात जातोय. माझ्या मित्राचं घर ते. त्याच्या काकूंना मीही काकूच म्हणतो. त्यामुळे ही कथा मीसुद्धा पन्नास वेळा ऐकलेली, आणि खरं सांगायचं तर दोन-चार जणांना सांगितलेलीही.

यंदा वाड्याच्या वाटण्या निघाल्या. जुन्या वस्तूंचा एक व्यापारी येऊन पेटी बघून गेला. त्याचं म्हणणं सरळ होतं. नुसती जुनी फ्रेंच पेटी म्हणून एक भाव. पण शिंदेशाहीच्या काळातली, डी बॉयनने दिलेली, असं कुणा जाणकाराने कागदावर लिहून दिलं तर त्याच्या दहापट. मित्र माझ्याकडे आला. "तू इंजिनिअर पण आहेस आणि इतिहासवाला पण. एक पान लिहून दे, बस्स."

मी म्हटलं, पेटी दोन दुपार माझ्या हातात दे, मग लिहितो.

कथा तारखांवर ठेवून बघू

डी बॉयनपासून सुरुवात करू. बनुआ द बॉयन, जन्म १७५१, शांबेरीचा. शांबेरी म्हणजे सव्हॉय प्रांत, आणि तो तेव्हा फ्रान्समध्ये नव्हता, सार्डिनियाच्या राजाकडे होता. म्हणजे आपला 'फ्रेंच सेनापती' जन्माने फ्रान्सचा प्रजाजनच नव्हता. १७८४ पासून तो महादजींच्या चाकरीत आला, कवायती पलटणी उभ्या केल्या, १७९० मध्ये पाटण आणि मेडत्याच्या लढाया जिंकल्या. त्याचं मुख्य ठाणं अलीगडकडे होतं, उज्जैनला नव्हे. महादजी १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीला वारले. १७९५च्या अखेरीस डी बॉयनने शिंद्यांची नोकरी सोडली आणि तो युरोपला परतला. शांबेरीला त्याच्या स्मरणार्थ बांधलेलं हत्तींचं कारंजं आजही आहे.

त्याच्यानंतर आला पेरॉन. हा मात्र खरा फ्रेंच. १८०३च्या सप्टेंबरात त्याने इंग्रजांपुढे शरणागती पत्करली. उज्जैनशी रणांगणातला थेट संबंध आला तो तिसऱ्याच माणसाचा, हेसिंगचा. जुलै १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैनजवळ शिंद्यांच्या ज्या फौजेचा फडशा पाडला ती हेसिंगच्या हाताखाली होती. पण हेसिंग घराणं डच. पुढे १८१०च्या सुमारास दौलतरावांनी आपलं ठाणं ग्वाल्हेरला लष्करात हलवलं, आणि उज्जैन हळूहळू शिंद्यांच्या राजधानीचं गाव उरलं नाही.

म्हणजे कथा खरी असेल तर पेटी १७९५च्या आधीची हवी. फार ओढून ताणून पेरॉनपर्यंत आलो तरी १८०३च्या आधीची. हे वर्ष लक्षात ठेवू आणि पेटीकडे वळू.

पत्र्याची मागची बाजू

पेटी जुनी वाटते ती त्या चित्रांमुळे. टोप, झगे, झोपाळे हा सगळा थाट अठराव्या शतकातल्या फ्रेंच दरबाराचा, पंधराव्या लुईच्या जमान्यातला. पण चित्रातला पोशाख हा वस्तूच्या वयाचा पुरावा नसतो. आज पुण्यात नवरदेव पेशवाई पगडी घालून बोहल्यावर चढतो, म्हणून ते लग्न १७७० सालचं होत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये या जुन्या लुईशाही थाटाची मोठी लाट आली होती. घड्याळं, आरसे, अत्तराच्या कुप्या, दागिन्यांच्या पेट्या, सगळ्यांवर हेच झोपाळे आणि हीच मुलं.

मागच्या बाजूचा एक पत्रा आधीच सैल होता. तो काढून उलटा केला. उठावाचं काम कसं केलंय हे नेहमी मागून कळतं. ठोकून काढलेल्या पत्र्याच्या मागे हातोडीचे आणि कलमाचे घाव दिसतात. आपल्या तांबट आळीतलं काम पाहिलेल्याला हे सांगायला नको. ओतीव काम जाड आणि जड असतं. यंत्राच्या ठशात दाबलेल्या पत्र्याच्या मागे पुढच्या चित्राचं उलटं रूप जवळजवळ तसंच्या तसं उमटतं.

इथे यातलं काहीच नव्हतं. मागची बाजू तांबूस, खरखरीत, बारीक दाणे बसल्यासारखी, आणि खोलगट जागांत मऊ डाक ओतून भर घातलेली. हे विजेने चढवलेलं तांबं. साच्याच्या आतल्या बाजूला विजेच्या प्रवाहाने तांब्याचा थर चढवायचा, तो सोलून काढायचा, मागून भर घालायची आणि पुढून सोन्याचा मुलामा द्यायचा. एकदा साचा झाला की एकाच चित्राच्या शेकडो प्रती निघतात. ही रीत याकोबीने १८३८ मध्ये सेंट पीटर्सबर्गला जाहीर केली. इंग्लंडमध्ये एल्किंग्टनने १८४० मध्ये मुलाम्याचं पेटंट घेतलं, आणि पॅरिसच्या क्रिस्तोफ्लने १८४२ मध्ये फ्रान्ससाठी त्याचे हक्क मिळवले. याआधी असा पत्रा बनणं शक्य नव्हतं.

म्हणजे एका सैल पत्र्यानेच डी बॉयन, पेरॉन आणि हेसिंग तिघांनाही बाहेर काढलं. तरी मी थांबलो नाही, कारण पत्रे नंतर बदलले असतील अशी शंका कुणीही घेईल. तेव्हा यंत्राची साक्ष हवी.

फणी

मखमलीचा तळ उचलल्यावर यंत्र दिसलं. ज्यांनी आतून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पितळेचा एक लहान नळा असतो, त्यावर शेकडो बारीक खिळे. समोर पोलादाची एक फणी, तिचा प्रत्येक दात म्हणजे एक सूर. लांब दात खालचा, आखूड दात वरचा. नळा फिरला की खिळा दाताला उचलतो आणि सोडतो, दात कंप पावतो. खर्जाच्या दातांच्या खाली शिशाचे छोटे तुकडे चिकटवलेले असतात, कारण वजन वाढलं की कंप सावकाश होतो आणि सूर खाली उतरतो. नळ्याची एक फेरी म्हणजे पूर्ण धून.

ही पोलादी दातांची कल्पना जिनिव्हाचा घड्याळजी आंत्वान फाव्र याने १७९६ मध्ये मांडली. त्याआधी वाजणाऱ्या घड्याळांत आणि डब्यांत लहान लहान घंट्या आणि हातोड्या असत. डी बॉयनने खरोखरच एखादी वाजती वस्तू कुणाला दिली असती, तर तिच्या पोटात घंट्या निघाल्या असत्या. फाव्रची कल्पना कागदावर आली तेव्हा डी बॉयन शिंद्यांची नोकरी सोडून बसला होता. शिवाय सुरुवातीच्या काळात दात सुटे किंवा चार-पाचच्या गटाने स्क्रूने बसवत. सबंध फणी एकाच पोलादी पट्टीतून कापायची रीत एकोणिसावं शतक उजाडल्यावर रुळली. आपल्या पेटीतली फणी सबंध आहे. छत्तीस दात, त्यातले दोन तुटलेले.

आणखी एक गोष्ट. पेटी 'फ्रेंच' म्हटली तरी आतलं यंत्र फ्रेंचच असतं असं नाही. हा धंदा जुरा डोंगराच्या दोन्ही अंगांना वाढला. स्वित्झर्लंडच्या बाजूला जिनिव्हा आणि सेंत-क्रुआ, फ्रान्सच्या बाजूला सेंत-सुझान, जिथे ओग्युस्त लेपे याने १८३९ मध्ये कारखाना काढला. पॅरिसचे पेटी बनवणारे यंत्रं या गावांतून आणत, पेटीत बसवत आणि पॅरिसच्या नावाने विकत.

धून आणि तीन शब्द

यंत्र वाजतं झाल्यावर (ते कसं झालं हे पुढे येतंच) मी धून फोनवर टिपून घेतली. दोन दात गेल्यामुळे मध्ये मध्ये ठेच लागल्यासारखं होत होतं. जुन्या वाजत्या पेट्यांच्या ध्वनिमुद्रणांशी तीन रात्री ताडून पाहिलं आणि धून सापडली. रोबेर प्लांकेतच्या 'ले क्लोश द कॉर्नव्हिल' या संगीतनाटकातली, म्हणजे 'कॉर्नव्हिलच्या घंटा'. हे नाटक पॅरिसला एप्रिल १८७७ मध्ये पहिल्यांदा झालं आणि इतकं गाजलं की त्यातल्या चाली घरोघरच्या वाजत्या पेट्यांत शिरल्या. गंमत म्हणजे नाटकाचं कथानकही अशाच एका ऐकीव गोष्टीवर उभं आहे. एक ओसाड गढी, भुतांची वदंता, आणि खरा वारस परत आला की आपोआप वाजणाऱ्या घंटा. ती भुतं कुणी उठवलेली असतात? गढीत पैसा लपवून ठेवणाऱ्या एका कंजूस म्हाताऱ्याने.

शेवटचा पुरावा तर पायाखालीच होता. पेटी उलटी केली तर तळाच्या पत्र्यावर इंग्रजी अक्षरांत ठसा: 'मेड इन फ्रान्स'. ब्रिटनचा मालावरच्या खुणांचा कायदा १८८७ चा, हिंदुस्थानातला १८८९ चा, अमेरिकेचा जकात कायदा १८९० चा. यांच्यानंतर परदेशी मालावर देशाचं नाव इंग्रजीत टाकायची पद्धत सर्रास पसरली. फ्रेंच बोलणारा सेनापती मराठी कारकुनाला भेट देताना पेटीवर इंग्रजी कशाला कोरेल, हा प्रश्न इतक्या वर्षांत आम्हा कुणालाच पडला नव्हता. मलाही नाही.

तेव्हा हिशेब असा: पत्रा सांगतो १८४० नंतर, धून सांगते १८७७ नंतर, ठसा सांगतो साधारण १८९० नंतर. वरची मर्यादा पुढे काकूंनी दिली.

काडी

आता पेटी मुकी का होती, ते सांगतो. माझ्या मते या सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे.

नळा फिरवते ती गुंडाळलेली स्प्रिंग. तिचा जोर एकदम सुटू नये म्हणून दातेरी चाकांची साखळी असते आणि तिच्या टोकाला भन्नाट वेगाने फिरणारी एक चिमुकली पंखी. हवेच्या अडथळ्यामुळे पंखी एका मर्यादेपलीकडे पळू शकत नाही, म्हणून नळा संथ, एका लयीत फिरतो. झाकण मिटलं की एक तार खाली येऊन या पंखीच्या वाटेत उभी राहते आणि सगळं थांबतं. झाकण उघडलं की तार बाजूला.

मी भिंग लावून पाहिलं, तर तार बरोबर उचलली जात होती, आणि तरीही पंखी हलत नव्हती. पंखी आणि तिच्या चौकटीच्या मध्ये काहीतरी काळपट अडकलं होतं. धूळ असेल म्हणून ब्रशने झाडलं. हललं नाही. नीट पाहिलं तर ती उदबत्तीची काडी होती. नखाएवढी तोडलेली, एका टोकाला तासलेली, अगदी बेताने खोचलेली.

मी तीस वर्षं गिअरबॉक्सच्या कारखान्यात काढली. ही काडी चुकून पडलेली नाही, हे मला बघताक्षणी कळलं. स्प्रिंगजवळच्या चाकात काडी घातली असती तर कडकन मोडली असती, कारण तिथे जोर जास्त. शेवटच्या पंखीपाशी वेग जास्त पण जोर नाममात्र, तिथे उदबत्तीची काडीही पुरते. पेटी बनवणाऱ्यानेही ती थांबवायला हीच जागा निवडली होती. ज्याने कुणी काडी घातली त्याने यंत्र समजून घेतलं होतं, आणि त्याला ते मोडायचं नव्हतं, फक्त गप्प करायचं होतं.

एक सूचना इथेच देऊन ठेवतो, कारण अनेकांच्या घरी अशा पेट्या आहेत. बंद पडलेलं यंत्र दिसलं की लोक आधी पंखीचा भाग स्क्रू काढून सोडवतात. स्प्रिंग भरलेली असेल तर त्या क्षणी नळा मोकाट सुटतो आणि सेकंदभरात खिळे वाकतात, दात तुटतात. आधी किल्ली घट्ट धरून, खिट्टी उचलून, स्प्रिंग थोडी थोडी उतरवा. आपल्या पेटीची स्प्रिंग इतक्या वर्षांनंतरही भरलेली होती. ती उतरवली, मगच चिमट्याने काडी काढली. आणि मुलाम्याच्या पत्र्याला चिंच-मीठ लावू नका. या पेटीच्या झाकणावरचं सोनं दर दिवाळीला घासून घासून गेलंय, खालचं तांबं दिसतंय.

काकू

दुसऱ्या दुपारी मी काडी कागदावर ठेवून काकूंना दाखवली. काकू आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांनी चष्मा लावला, काडी पाहिली, आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

मग म्हणाल्या, "निघाली का रे ती?"

पुढचं त्यांच्या परवानगीने लिहितोय. "लिही, पण नाव टाकू नकोस कुणाचं," एवढीच त्यांची अट.

पेटी त्यांच्या सासूबाईंची. सासूबाईंचं माहेर मुंबईला, गिरगावात. त्यांच्या लग्नात, म्हणजे १९२५च्या आसपास, रुखवतात मांडायला त्यांच्या वडिलांनी फोर्टातल्या कुठल्याशा दुकानातून ती आणली होती. 'फ्रेंच पेटी' हेच तिचं घरातलं नाव होतं. सुनांचे दागिने सासूबाई त्याच पेटीत ठेवत. किल्ली देवघरात, सगळ्यांना माहीत. किल्ली लपवायची गरजच नव्हती, कारण झाकण उघडलं की अख्ख्या वाड्याला ऐकू जाई.

"पाटल्या माझ्याच होत्या," काकू म्हणाल्या. "माहेरच्या. भावाची परीक्षेची फी भरायची होती आणि वडील अंथरुणाला खिळलेले. मागितल्या असत्या तर नाही म्हणाल्या असत्या असं नाही रे. पण मग ते सगळ्या वाड्यात झालं असतं." सासूबाई गोपाळ मंदिरात काकड आरतीला गेल्या असताना त्यांनी झाकण उघडलं, लगेच मिटलं, पुन्हा जरासं उघडून आत डोकावून पाहिलं की फिरतंय काय. पंखी दिसली. देवासमोरच्या घरातून विझलेली काडी आणली. पाटल्या गहाण ठेवल्या आणि सहा महिन्यांत सोडवून जागेवर ठेवल्या.

"मग काडी का नाही काढलीत?"

"निघेना. जास्त खुडबुड केली तर मोडेल म्हणून भीती वाटली. आणि मग सासूबाईच म्हणाल्या, बिघडलीय, जाऊ दे."

मी विचारलं, त्यांनी घड्याळजीकडे पाठवली नाही का? पाठीमागच्या गल्लीतच तर घड्याळजी होता.

काकू म्हणाल्या, "नाही पाठवली. घरातलं घड्याळ बंद पडलं की त्याच दिवशी पाठवायच्या. पेटी नाही पाठवली कधी."

आणि डी बॉयन? तो काकूंच्या सासऱ्यांनी आणला. पेटी वाजत होती तोवर पाहुण्यांना ती उघडून ऐकवत, तेवढं पुरे होतं. वाजेनाशी झाल्यावर ऐकवायला काही उरलं नाही, पण पाहुणे तर येतच होते. सासऱ्यांना शिंद्यांच्या इतिहासाचा नाद. 'फ्रेंच पेटी'तला फ्रेंच त्यांनी हळूहळू शिंद्यांच्या फौजेत भरती केला. काकूंच्या आठवणीप्रमाणे पहिल्या वर्षी 'अशा पेट्या त्या साहेबांकडे असत' इथवरच होतं. दोन-तीन दिवाळ्यांत तो साहेब वाड्यात येऊन पेटी देऊनही गेला. आमची पिढी जन्माला आली तेव्हा कथा पक्की झालेली होती.

मी दिलेलं पान

मी मित्राला एक पान लिहून दिलं. त्यात असं आहे: लुईशाही थाटाची फ्रेंच दागिन्यांची पेटी, विजेने चढवलेल्या तांब्याचे मुलामा दिलेले पत्रे, छत्तीस दातांची सबंध फणी, दोन दात तुटलेले, धून १८७७च्या नाटकातली; निर्मिती साधारण १८९० ते १९२५; मुंबईत खरेदी; शिंद्यांच्या फौजेतल्या कुणाही युरोपियनाशी संबंध नाही. व्यापारी ते वाचून पुन्हा आला नाही. मित्र आठवडाभर माझ्याशी तुटक बोलत होता. त्याच्या वाटणीचा प्रश्न होता, मी त्याला दोष देत नाही.

आपल्या भागात अशा 'साहेबाने दिलेल्या' वस्तू पुष्कळ आहेत. बहुतेक माझ्या मते रुखवतातल्या किंवा मुंबईच्या बाजारातल्या निघतील. तेव्हा मंडळाच्या सभासदांना विनंती: वस्तू हातात आली की आधी ती उलटी करा, मागची बाजू बघा, वाजत असेल तर धून टिपून घ्या, आणि घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला विचारा. आम्ही इतकी वर्षं ही कथा पुरुषांकडूनच ऐकत होतो. काकू त्याच खोलीत चहा देत असत.

पेटी आता काकूंच्या खोलीत आहे. वाटणीच्या यादीतून ती काढली. काडी एका पाकिटात घालून, तारीख टाकून, मखमलीखाली ठेवली आहे, कारण तीही पेटीचा भागच आहे. यंत्र जोडून झाल्यावर किल्ली दिली आणि झाकण उघडलं. धून तीनदा वाजली. काकू ऐकत होत्या, मग दाराकडे बघून म्हणाल्या, "पुरे, मिट आता. दुपारची वेळ आहे, लोक झोपलेत."